पाय मोडलेला 'र' : एका रचलेल्या भाषेचा अक्षरविचार



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्या भाषेत आपल्या गावात कोणी भांडत नाही, की मंडईत भाव करीत नाही, त्या भाषेच्या अक्षरांची तोडमोड वसंतातल्या संध्याकाळी कशासाठी ऐकावयाची, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही आरंभीच देत नाही. आधी एक सोपी गोष्ट करून पाहू. 'सरकार' हा शब्द मनाशी सावकाश म्हणा, आणि उच्चाराच्या प्रत्येक ठोक्याला एक बोट मिटा. किती बोटे मिटली? दोन. सर्‌, कार्‌. शाळेत गुरुजींनी मात्र याच शब्दाची चार अक्षरे मोजून घेतली होती. गुरुजींचे चुकले नाही आणि आपल्या बोटांचेही नाही. चूक असलीच तर 'अक्षर' या शब्दाची आहे. त्याच्या पोटात आपण दोन निरनिराळ्या वस्तू कोंबल्या आहेत. एक कागदावर काढलेले चिन्ह, आणि दुसरी तोंडातून एका ठोक्यात निघणारा ध्वनीचा तुकडा. आज आपण अक्षर म्हणू ते या दुसऱ्या अर्थाने.

आता हा ठोका कशाने पडतो? आपल्या पूर्वजांनी याचा विचार फार बारकाईने केला होता. वेदपठणात एका मात्रेचीही चूक चालत नसे, म्हणून प्रातिशाख्य नावाचे ग्रंथ झाले. कोणते व्यंजन मागच्या स्वराकडे जाते आणि कोणते पुढच्याकडे, याची चर्चा त्यांत आहे. त्यांचा मुख्य सिद्धांत असा, की व्यंजन हे स्वराचे अंग आहे. स्वर हा यजमान. व्यंजने त्याच्या घरी उतरलेली. स्वर नाही तेथे ठोका नाही.

पण या घरात एक चमत्कारिक पाहुणा आहे. पाणिनीच्या चौदा सूत्रांतले दुसरेच सूत्र पाहा. त्यात 'ऋ' आणि 'ऌ' हे स्वर म्हणून बसविले आहेत. आपण महाराष्ट्रात ऋ चा उच्चार 'रु' करतो, उत्तरेकडे 'रि' करतात, आणि कोणाचे बरोबर यावर वादही घालतात. वस्तुतः मुळात तो रुही नव्हता आणि रिही नव्हता. तेथे 'र' स्वतःच यजमान होऊन बसला होता. त्याला उकाराचा किंवा इकाराचा आधार लागत नव्हता. ऌ ची गोष्ट आणखी मौजेची. साऱ्या संस्कृतात तो एका धातूपुरता उरला. पण त्या धातूपासून आलेली 'क्लृप्ती' आपण रोज लढवतो. अशा स्वतःच ठोका धरणाऱ्या व्यंजनाला भाषाशास्त्रात आक्षरिक व्यंजन म्हणतात. नाव जड आहे, वस्तू हलकी आहे. इंग्रज माणूस 'लिट्ल' म्हणतो तेव्हा ट नंतर स्वर येत नाही. त्याची जीभ दातांच्या मागे टेकलेलीच राहते आणि ल एकटाच दुसरा ठोका देतो.

हा प्रकार आजही ठणठणीत जिवंत पाहावयाचा असेल तर चेक लोकांकडे जावे. त्यांच्या भाषेत लांडग्याला 'व्ल्क' म्हणतात, बोटाला 'प्र्स्त', मानेला 'क्र्क'. स्वर शोधून सापडावयाचा नाही. त्यांच्या पोरांची जीभ वळावी म्हणून चार शब्दांचे एक आख्खे वाक्य प्रसिद्ध आहे, ज्यात एकही स्वर नाही. अर्थ इतकाच, की घशातून बोट घाल. उच्चार करताना परक्या माणसाची अवस्था साधारण तीच होते. या 'व्ल्क'ला हसण्यापूर्वी आपण आपला 'वृक' आठवावा. लांडग्याचे हे दोन्ही शब्द एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत. चेकांनी ल ठेवला, आपल्याकडे र झाला, आणि दोघांनीही त्याला स्वराच्या आसनावर बसविले. आपण नंतर त्याच्या हाताखाली एक उ सरकवला, इतकेच.

छंदशास्त्राने मात्र जुना हिशेब सोडला नाही. 'न क्रिया' म्हटले तर पुढच्या जोडाक्षरामुळे 'न' गुरू होतो. 'न कृपा' म्हटले तर तो लघूच राहतो. कानाला दोन्हीकडे क आणि र यांची तीच जोडी ऐकू येते. पण वृत्त म्हणते, की कृ मध्ये जोडाक्षर नाही, तो एक क आणि त्याला लागलेला स्वर आहे. म्हणजे उच्चार गेला तरी हिशेबाच्या वहीत त्याची नोंद राहून गेली आहे.

ही सारी तयारी ज्या भाषेसाठी केली तिच्याकडे आता वळू. ती म्हणजे एस्पेरांतो. तिचा कर्ता लुडविक झामेनहोफ हा १८५९ साली ब्यालिस्तोक या गावी जन्मला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू अशी चार प्रकारची माणसे, चार भाषा, आणि त्यांच्यात कायमचे वैर. दुसऱ्याचे बोलणे कळत नाही म्हणून त्याच्याविषयी संशय वाढतो, असे या ज्यू मुलाच्या मनाने घेतले. पुढे तो डोळ्यांचा डॉक्टर झाला आणि १८८७ साली वॉर्सात त्याने एक लहानसे पुस्तक छापले. त्यावर स्वतःचे नाव न घालता 'आशा करणारा डॉक्टर' अशा अर्थाचे टोपणनाव घातले. त्या नावातला 'आशा करणारा' हा शब्द म्हणजेच 'एस्पेरांतो'; पुढे तेच भाषेचे नाव झाले. कोणत्याही एका राष्ट्राची नाही म्हणून सर्वांची, असा तिचा दावा आहे. तिची सगळी व्याकरणे सोळा नियमांत मावतात.

हा दावा आम्ही गंभीरपणे घेतो, आणि म्हणूनच तो अक्षरापर्यंत तपासून पाहावासा वाटतो. शब्द कोठून घेतले, व्याकरण किती सोपे केले, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण भाषा सर्वांची आहे की नाही हे शेवटी तोंडात ठरते. कोणत्या देशाच्या माणसाच्या तोंडाला वळण म्हणून ही अक्षरे बेतली गेली?

यातही झामेनहोफ पहिला नव्हता. १८७९ साली श्लायर नावाच्या एका जर्मन कॅथलिक धर्मगुरूने 'व्होलाप्युक' नावाची भाषा प्रसिद्ध केली होती. त्याने तोंडाच्या सोयीचा विचार इतका केला, की र हा वर्णच बहुतेक हद्दपार करून टाकला. चिनी माणसाला आणि लहान मुलांना तो म्हणता येत नाही, हे कारण. शब्दांचे धातू बहुधा आखूड, मध्ये एक स्वर आणि दोन बाजूंना दोन व्यंजने. अक्षर कोठे तोडावे हा प्रश्नच उरू नये अशी व्यवस्था. मग काय झाले? इंग्रजीतला जगवाचक शब्द 'व्होल' झाला आणि बोलण्याचा शब्द 'प्युक' झाला; मूळ शब्दाचा चेहरा त्याच्या सख्ख्या आईलाही ओळखू येईना. आणि एवढे करून त्या धर्मगुरूने आपल्या जर्मन भाषेतले ओठ चंबूसारखे करून काढावयाचे स्वर तसेच ठेवले! चिनी माणसाची एवढी काळजी वाहणाऱ्याला, मराठी माणसाने ओठांचा तो चंबू कसा करावा हा विचार सुचला नसावा. दहाएक वर्षे त्या भाषेचा फार गाजावाजा झाला, तीन परिषदा भरल्या, आणि नंतर ती ओसरली. त्याची कारणे पुष्कळ होती. सारा दोष अक्षरांवर घालणे बरे नव्हे.

झामेनहोफने उलटी वाट धरली. शब्द ओळखू येतील असेच ठेवले, मग त्यांत जोडाक्षरे आली तरी चालतील. पुस्तक म्हणजे 'लिब्रो', नाटकगृह म्हणजे 'तेआत्रो'. जाणणे या क्रियापदाची तर कमाल आहे, त्याच्या आरंभी स आणि त्स एकापाठोपाठ येतात : 'स्त्सीइ'. हा शब्द पहिल्या खेपेला नीट म्हणणारा मराठी माणूस आम्हांला अजून भेटावयाचा आहे. स्टेशनचे ठेसन आणि स्कूलचे इस्कूल करणारी आपली जीभ येथे अडखळणारच.

त्याच्या सोळा नियमांतला एक नियम सांगतो, की जसे लिहावे तसेच वाचावे. दुसरा सांगतो, की आघात नेहमी शेवटून दुसऱ्या, म्हणजे उपांत्य अक्षरावर द्यावा. नियम कसा सुटसुटीत! पण उपांत्य अक्षर ओळखावयाचे तर आधी अक्षरे मोजली पाहिजेत, आणि ती कशी मोजावी हे सोळा नियमांत कोठेही सांगितलेले नाही. व्यवहारात ठरले ते असे : जितके स्वर तितकी अक्षरे. पाच स्वर, त्यांपैकी एक दिसला की एक बोट मिटावे. दोन स्वर शेजारी आले तरी दोन बोटे. ज्याला आपण अर्धा य आणि अर्धा व म्हणू, त्यांना निराळी अक्षरचिन्हे दिली आहेत, आणि ती मोजावयाची नाहीत. म्हणून 'बाल्दाव्', म्हणजे लवकरच, यात दोन अक्षरे आणि आघात 'बाल्' वर. 'बालाउ', म्हणजे झाडून काढ, यात तीन अक्षरे आणि आघात 'ला' वर. व्‌ आणि उ यांच्यातल्या एवढ्याशा फरकाने आघात एका घरातून दुसऱ्या घरात जातो. पुढे १९०७ साली सुधारकांनी एस्पेरांतोतून 'इदो' नावाची भाषा काढली तेव्हा याच जागी हात घातला. कुटुंब या अर्थाचा शब्द दोन्हीकडे 'फामिलिओ'. एस्पेरांतोवाले म्हणतात फा-मि-लि-ओ, आघात 'लि' वर. इदोवाले शेवटचे दोन स्वर आघातापुरते एकात धरतात, आणि मग आघात 'मि' वर येतो. शब्द तोच, लेखन तेच, हिशेब निराळा. दोन भाषापंथांत यावरून जो कडवटपणा आला तो पाहिला की सख्खे भाऊ बांधावरून भांडतात त्याची आठवण होते.

स्वर मोजण्याच्या या नियमामुळे आक्षरिक व्यंजनाला एस्पेरांतोत जागाच राहिली नाही. ही योजना वरवर दिसते त्याहून हुशारीची आहे. या भाषेतल्या प्रत्येक नामाच्या शेवटी ओ येतो, विशेषणाच्या शेवटी आ, क्रियाविशेषणाच्या शेवटी बहुधा ए. शिकणाऱ्याला वाटते, की नाम कोणते आणि विशेषण कोणते हे कळावे एवढ्यासाठीच ही सोय आहे. पण 'लिब्रो' मधला तो ओ आणखी एक काम गुपचूप करतो. 'लिब्र्‌' एवढाच शब्द असता तर शेवटचा पाय मोडलेला र कोठे बसला असता? ब च्या मागे लटकत राहिला असता, किंवा चेकांच्या र सारखा स्वतःच ठोका धरून बसला असता. ओ आला आणि त्या र ला पाट मिळाला. ज्या अव्ययांना असे प्रत्यय लागत नाहीत ती पाहा : 'इंतेर्' म्हणजे मध्ये, 'सुपेर्' म्हणजे वर, 'एक्स्तेर्' म्हणजे बाहेर. सगळीकडे र च्या आधी ए आहे. ते शब्द लॅटिनमधूनच तसे आले हे खरे, पण फायदा झाला तो झालाच.

आघात शेवटून मोजण्यातही असाच लाभ आहे. शब्दाच्या आरंभी कोणी एखादा स्वर जास्त घुसडला, 'स्त्सीइ' चे 'इस्त्सीइ' केले, तरी आघात हलत नाही. आपल्यासारख्यांची चूक दारातच राहते, माजघरात शिरत नाही. जपानी माणसाला तर व्यंजनामागे स्वर घालण्याची सवयच आहे. त्याच्या भाषेत बहुतेक प्रत्येक व्यंजनाला स्वर हवा. अपवाद मुख्यतः अनुनासिकाचा, आणि तो मात्र एकटाच एक पूर्ण मात्रा धरतो. 'निप्पोन' या आपल्या देशनामाच्या तो चार मात्रा मोजतो, त्यांतली शेवटची नुसत्या न ची. असा माणूस 'लिब्रो' चे 'लिबुरो' करील. तेथे मात्र आघाताचा हिशेब बिघडेल, कारण जादा स्वर उपांत्य जागेवरच येऊन बसला.

येथवर सारे ठीक होते. पण झामेनहोफ स्वतः कवी होता, आणि कवीला सवलत लागते. सोळावा, म्हणजे शेवटचा नियम अशी सवलत देतो : नामाच्या शेवटचा स्वर गाळावा आणि त्या जागी वर एक टिंबाची शेपटी, म्हणजे लोपचिन्ह, द्यावे. आघात मात्र स्वर असताना जेथे होता तेथेच ठेवावा. या नियमाला उदाहरण दिले आहे ते जर्मन कवी शिलर याच्या नावाचे. 'शिल्लेरो' ऐवजी 'शिल्लेर्'. उदाहरण मोठे सोयीचे निघाले! र च्या आधी ए आहे, ओ गेला तरी र उघड्यावर पडत नाही. नियमाखाली 'तेआत्रो' घेतला असता, तर त्याच पानावर अडचण उघडी पडली असती. 'तेआत्र्‌' यात अक्षरे किती? स्वर मोजा, दोन. पण तोंडाने म्हणून पाहा. त नंतरचा र संपता संपत नाही, आणि कान हळूच तिसरे बोट मिटतो.

पुढला शब्द स्वराने सुरू होत असेल तर प्रश्न आपोआप सुटतो. 'तेआत्र्‌ एस्तास', म्हणजे नाटकगृह आहे. येथे त्र पुढच्या ए ला जाऊन मिळतो : ते-आ-त्रेस्-तास. आपल्या संधीचाच हा प्रकार. घर पडले, तर शेजाऱ्याच्या ओसरीवर पथारी टाकावी. पण पुढचा शब्द व्यंजनाने सुरू झाला, 'तेआत्र्‌ ग्रांदा' असा आला, तर र ला मागे आधार नाही आणि पुढेही नाही. नियम म्हणतो, अक्षर नाही. कान म्हणतो, आहे. वृत्ताच्या ओळीत एका अक्षराने चाल मोडते, तेव्हा ही केवळ पंडिती शंका राहत नाही.

नियम असा का झाला असावा याविषयी आमचा एक तर्क आहे. तर्क म्हणूनच तो सांगतो. वारा या अर्थाचा शब्द पोलिश आणि चेक या शेजारभाषांत जवळजवळ एकच आहे. चेक माणूस 'वीत्र्‌' म्हणतो आणि त्याची दोन अक्षरे मोजतो, वी आणि त्र्‌. पोलिश माणूस 'व्यात्र्‌' म्हणतो आणि एकच मोजतो. पीटर या नावाचेही तसेच : प्रागमधला 'पेत्र्‌' दोन अक्षरांचा, वॉर्सातला 'प्योत्र्‌' एका अक्षराचा. जीभ फार निराळे काही करीत नाही, मोजणारा कान निराळा आहे. आणि झामेनहोफचा कान वॉर्सातला होता. नेहमी उपांत्य अक्षरावर आघात हीसुद्धा पोलिश भाषेचीच रीत आहे, हे ध्यानात घ्यावे. म्हणजे सर्व राष्ट्रांची म्हणून रचलेल्या भाषेत, कर्त्याच्या नकळत, त्याच्या गावचा कान उतरला. यात आम्ही त्याला दोष देत नाही. माणूस स्वतःचा देश सोडू शकतो, धर्म सोडू शकतो. पण ठोके मोजण्याची लहानपणची सवय सोडून त्याला भाषा रचता येईल असे आम्हांला वाटत नाही.

आपल्याकडे या गोष्टीचे अगदी उलटे चित्र आहे आणि ते पाहण्यासारखे आहे. एस्पेरांतोत बोलताना शेवटचा स्वर पुरता म्हणतात आणि कवितेत तो गाळण्याची मुभा आहे. मराठीत बोलताना आपण शेवटचा अ गाळतो आणि वृत्तात तो परत आणतो. बोलताना 'राम' एका ठोक्याचा, श्लोक म्हणताना दोन ठोक्यांचा. रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, ओळीला बारा अक्षरे. घरोघरी मुले ते म्हणतात तेव्हा एरवी जिभेवर न येणारे सगळे अ बिनतक्रार हजर होतात. आपला कवी गाळलेला स्वर परत आणून र ला पाट देतो, तर एस्पेरांतोचा कवी असलेला पाट काढून घेतो. म्हणून आपल्या शब्दान्ती 'पाय मोडलेला र' वृत्तात सहसा अडचण करीत नाही, त्यांचा करतो.

शब्द कोठे तोडावा हा दुसरा मुद्दा थोडक्यात सांगतो. ओळ संपताना शब्द तोडण्याची वेळ आली, तर तो त्याच्या अर्थपूर्ण घटकांवरून तोडावा असा झामेनहोफचा सल्ला होता, आणि तो सक्तीचा नव्हता. कानाचा मार्ग वेगळा आहे. 'सेंतेमा' हा शब्द घ्या. सेंत आणि एमा असा तोडला तर 'हळव्या मनाचा'. सेन आणि तेमा असा तोडला तर 'विषयाविना'. 'कोलेगो' म्हणजे सहकारी, पण कोल आणि एगो असा तोडला तर 'भली मोठी मान'. बोलताना दोन्ही अर्थांना उच्चार एकच, सेन्-ते-मा आणि को-ले-गो, कारण एकटे व्यंजन दोन स्वरांमध्ये सापडले की पुढच्या स्वराकडे जाते. प्रातिशाख्यकारांनाही हे ठाऊक होते. आपल्या 'दिवाकर' मध्ये सूर्य आहे आणि 'दिवा कर' ही आज्ञाही आहे, त्यातलाच हा प्रकार. शब्दांवर कोटी करणाऱ्यांची यामुळे चंगळ झाली. भाषा रचलेली असली म्हणून तिच्यात विनोद होत नाहीत असे कोणी समजू नये.

आता राहिला तो पाय मोडलेला र, आणि त्याचे करावयाचे काय हा प्रश्न. झामेनहोफने आक्षरिक व्यंजनांना दार बंद ठेवले हे आमच्या मते योग्यच केले. ती चेकांना सोपी, पण जपानी माणसाला नाहीत आणि आज आपल्यालाही नाहीत. ज्या भाषेला सर्वांच्या तोंडी बसावयाचे आहे तिने प्रत्येक ठोक्याला एक स्वच्छ स्वर द्यावा हेच बरे. पण मग सोळाव्या नियमाने मागचे दार उघडे ठेवावयाला नको होते. निदान एवढी अट घालता आली असती, की गाळलेल्या स्वराआधी जोडव्यंजन असेल तर पुढचा शब्द स्वराने सुरू झालाच पाहिजे. आता नियम बदलणार नाही. १९०५ साली बुलोन येथील पहिल्या जागतिक परिषदेत भाषेचा जो पाया म्हणून ग्रंथ मान्य झाला, त्याला हात लावावयाचा नाही असे त्या मंडळींनी ठरविले आहे, आणि इदोचा अनुभव पाहता त्यांचा हा हट्ट समजण्यासारखा आहे.

तेव्हा आपल्यापैकी कोणी ही भाषा शिकले आणि कवितेची ओळ म्हणताना त्यांच्यापुढे 'तेआत्र्‌ ग्रांदा' उभे राहिले, तर आमचे सांगणे असे, की र ला घाईने गिळू नये. त्याला त्याचा लहानसा ठोका देऊन पुढे जावे. सभेत प्रागचा श्रोता असेल तर त्याला ते अगदी बरोबर वाटेल. वॉर्सातला शेजारी मात्र बोटे मोजून तुमच्याकडे पाहील.